लहानपणी गरीब असल्याचा दाखला

नकाशेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, आणि साहेब तर ते मुळीच नव्हते. पाणीपुरवठा खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. जमिनीखालून कुठला पाइप कुठे जातो, किती इंचांचा आहे, कुठला व्हॉल्व्ह नकाशात आहे पण जमिनीत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. इंजिनियर लोकांना ते ठाऊक नसे, म्हणून ते गोडीगुलाबीने 'साहेब' म्हणत. बढती द्यायची तर वरून मंजुरी लागते, साहेब म्हणायला कुणाचीच लागत नाही.

बावीस वर्षं पाइप काढून काढून त्यांची रेघ इतकी सरळ झाली होती की लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी बायकोचं चित्र काढलं, तर ती बघून म्हणाली, "छान आहे, पण पाणी कुठून येतं ते कळत नाही." तेव्हापासून त्यांनी माणसं काढणं सोडलं होतं.

ते पुन्हा सुरू झालं एका रविवारी, नववीतल्या लेकीमुळे. ती सोफ्यावर आडवी होऊन एक जाडसर पुस्तक वाचत होती आणि मधूनच फिसकन हसत होती. ती उठून पाणी प्यायला गेली तेव्हा साहेबांनी पुस्तक उचललं.

"हे उलटं बांधलंय," ते म्हणाले. "दुकानदाराला परत कर."

"बाबा, ती मांगा आहे. जपानी चित्रकथा. उजवीकडून डावीकडे वाचायची."

साहेबांनी उभ्या उभ्या चार पानं वाचली, मग बसून चाळीस, मग चहा थंड करून सगळं पुस्तक. एका गरीब घरातल्या मुलांची गंमतगोष्ट होती. सहा जणांत एक छत्री, म्हणून सगळे रांगेत एकमेकांना चिकटून शाळेत जायचे, वगैरे. पुस्तक मिटून साहेब जे वाक्य बोलले, तिथून पुढचं सगळं रामायण घडलं.

"ह्यात काय एवढं? आमच्याकडे ह्याच्यापेक्षा जास्त होती."

"काय?"

"गरिबी."

"चला, कशात तरी पुढे होते," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

लेक मात्र म्हणाली, "मग काढा की."

आणि साहेबांनी काढली. दोन महिने, ऑफिसातून आल्यावर, ट्रेसिंग पेपरवर, उजवीकडून डावीकडे. त्यांचे वडील एका गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी होते. दिवसा ते झोपायचे. घर म्हणजे एक खोली, त्यामुळे दिवसभर कुणी आवाज करायचा नाही. साहेब आणि त्यांची थोरली बहीण ताई, दोघंही बिनआवाजी भांडायला शिकली होती. नुसते ओठ हलवायचे, हातवारे करायचे, चिमटा काढला तरी तोंड उघडून मूकपणे रडायचं. आळीतले लोक म्हणायचे, काय गुणी मुलं आहेत. चित्रकथेत साहेबांनी हे सगळं बिनसंवादाच्या चौकटींत काढलं. आई घरी बसून शर्टांना बटणं लावायची. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, खोलीत तेच जास्त जागा घ्यायचे, आणि साहेब लहानपणी त्यांच्यावरच झोपायचे, म्हणून कधीकधी कोऱ्या घडीचा शर्ट बघितला की अजूनही त्यांना झोप येते, असंही एका चौकटीत होतं.

लेकीला ते इतकं आवडलं की तिने न विचारता एका चित्रकथा मासिकाच्या स्पर्धेला पाठवून दिलं. स्पर्धेचा विषय 'हलाखीतलं हसू', अट एकच: सगळं खरं हवं. महिन्याभराने पत्र आलं. आपली चित्रकथा शेवटच्या बारांत आली आहे, अभिनंदन. सोबत आपण बालपणी गरीब होता ह्याचा सक्षम कार्यालयाचा दाखला महिनाअखेरपर्यंत जोडावा. खाली बारीक अक्षरात खुलासा होता: गेल्या वर्षी जिच्यामुळे परीक्षक ओक्साबोक्शी रडले, त्या कथेचा लेखक साबणाच्या कारखान्याच्या मालकाचा मुलगा निघाला होता.

साहेब स्वतः सरकारी माणूस. दाखला म्हणजे काय, जाऊन आणू, असं त्यांना वाटलं. सरकारी माणसाला दुसऱ्या सरकारी कार्यालयाबद्दल इतका विश्वास असतो हे नवलच आहे, पण असतो.

खिडकी क्रमांक चार. आत एक बाई, चष्मा दोरीला बांधलेला, समोर शिक्क्यांचं गाठोडं.

"उत्पन्नाचा दाखला हवाय," साहेब म्हणाले. "कमी उत्पन्नाचा."

"पगारपत्रक?"

साहेबांनी दिलं. बाईंनी बघितलं आणि परत सरकवलं. "तुम्ही गरीब नाही."

"आता नाही. लहानपणी होतो."

"मग तेव्हा यायचं."

"तेव्हा मी सहा वर्षांचा होतो."

"पालकांबरोबर यायचं." बाईंचं म्हणणं बिनतोड होतं. "कशासाठी हवाय?"

"मांगासाठी."

"काय मागायचंय?"

"मागायचं नाही हो. मांगा. जपानी चित्रकथा असते." साहेबांनी पुरावा म्हणून आपली प्रत पुढे केली. बाईंनी ती सवयीने डावीकडून उघडली, शेवटचं पान वाचलं, मग त्याच्या आधीचं, आणि म्हणाल्या, "ह्यात माणसं आधी हसतात आणि मग पडतात."

तरी बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि एक पोटकलम शोधून काढलं. मागील काळातील परिस्थितीबाबत चौकशी अर्ज भरता येतो, प्रश्न बारा. त्याला एका प्रतिष्ठित साक्षीदाराची सही लागते. साक्षीदाराने ती परिस्थिती प्रत्यक्ष बघितलेली हवी.

"प्रतिष्ठित म्हणजे?"

"म्हणजे गरीब नसलेला," बाई म्हणाल्या.

साहेब घरी जाईपर्यंत विचार करत राहिले. ज्यांनी त्यांची गरिबी बघितली, ते सगळे त्याच आळीत राहायचे. म्हणजे तेही गरीबच. आणि जे प्रतिष्ठित होते, ते कशाला त्या आळीत फिरकतील? सरकारने अशी साक्ष मागितली होती की जी देणारा माणूस जगात असूच नये.

जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. ते निवृत्त बँक मॅनेजर, आणि जिन्यात कुणी भेटलं की सल्ला दिल्याशिवाय त्याला वर जाऊ देत नसत. सगळं ऐकून ते म्हणाले, "मी करतो सही. त्यात काय?"

"पण तुम्ही मला तेव्हा बघितलेलं नाही."

"तुमच्याकडे बघून अंदाज येतो," सेक्रेटरी म्हणाले.

हा घाव साहेबांनी गिळला. पण सेक्रेटरींना आता थांबवत नव्हतं. "आणि गरिबीचं तुम्ही मला सांगू नका. आम्ही पाच भावंडं, चपलांचा जोड एक. ज्याची परीक्षा, त्याच्या पायात." तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई कचरा ठेवायला आल्या आणि म्हणाल्या, जोड तरी होता, आमच्याकडे एकच चप्पल होती. मग दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट खाली आले. कालपरवापर्यंत ह्याच माणसाने आपल्या आजोबांच्या घोड्यांविषयी सांगितलं होतं. आज कळलं की घोडे दुसऱ्याचे होते, आजोबा खरारा करायचे. अर्ध्या तासात जिन्याच्या त्या वळणावर अशी काही गरिबी गोळा झाली की साहेबांची त्यात शेवटून दुसरी आली. तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर तेवढे कठड्याला टेकून गप्प उभे होते. त्यांचे वडीलही डॉक्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात आले आणि हळूच म्हणाले, "माझे पणजोबा बरेच अडचणीत होते म्हणतात. चालेल का?"

साक्षीदाराचं घोडं तिथेच अडलं. आणि मग बायकोने, भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हटलं, "ताई आहेत ना."

ताई. एका क्षणात साहेबांना घाम फुटला. बरोबरच होतं. ताईने सगळं बघितलेलं होतं, आणि ताई प्रतिष्ठित होती. तिचा नवरा मोठा सर्जन. ती स्वतः महिला क्लबची अध्यक्ष, तिच्या नावाचे छापील कागद होते, तिच्या घरात पाहुण्यांसाठी वेगळे टॉवेल होते. नियमात चपखल बसणारी साऱ्या जगात ती एकच व्यक्ती होती. अडचण इतकीच, की तीस वर्षं ताईने सासरी सांगितलं होतं, "माहेरी आमचा कापडाचा धंदा होता." खोटंही नव्हतं म्हणा. घरभर कापडच होतं.

साहेबांनी फोन करायला धीर गोळा करेपर्यंत ताईच येऊन थडकली. लेकीने आत्याला कौतुकाने प्रत पाठवली होती. दुपारची वेळ, आतल्या खोलीत आई झोपलेली. आई शहात्तर वर्षांची, आणि तिला ह्या प्रकरणाचा पत्ता लागू द्यायचा नाही असं घरात ठरलं होतं. उगाच जुनी दुखणी कशाला उकरायची?

ताईने पर्स टेबलावर ठेवली, पुस्तक उघडलं, एका चौकटीवर बोट ठेवलं आणि भांडायला लागली. बिनआवाजी. नुसते ओठ. साहेबांनीही तसंच उत्तर दिलं. लेक आणि बायको दारात उभ्या राहून बघत होत्या. सर्जनची बायको आणि ड्राफ्ट्समन, पन्नाशीच्या आसपासची दोन माणसं, हात नाचवत, डोळे वटारत, एक अक्षरही न उच्चारता एकमेकांची सालं काढत होती. हे असं आपण करतोय, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" लेकीने कुजबुजून विचारलं.

"माझे केस असे कधीच नव्हते, असं म्हणतायत बहुतेक," बायको म्हणाली.

ती चौकट काविळीची होती. ताई अकरा वर्षांची असताना तिला वर्षभर कावीळ झाली होती. ती शाळेत जायची नाही. रोज सकाळी औषधाला म्हणून बाहेर पडायची आणि संध्याकाळी यायची. साहेब तेव्हा सहा वर्षांचे, त्यांना तिचा भयंकर हेवा वाटायचा. चित्रात त्यांनी ती हातपाय पसरून मजेत बसलेली दाखवली होती, आणि खाली लिहिलं होतं: 'मलाही कावीळ होऊ दे, अशी मी रोज प्रार्थना करी.'

"हे पान काढ," ताई शेवटी आवाज काढून म्हणाली. "बाकी काय ते घाल. पण हे काढ."

"अगं, सगळ्यांना तेच जास्त आवडलं."

"मी सही करणार नाही. आणि तुला सांगते, माझं त्यात नाव, चेहरा, सावली, काही असता कामा नये."

"कुणाची सावली?" आतून आवाज आला. दारात आई उभी होती. तिने पुढे येऊन पुस्तक हातात घेतलं आणि चष्मा लावला. आईने एकेक पान बघितलं. गोदाम बघितलं, खोली बघितली, गठ्ठे बघितले. मग म्हणाली, "बटणांना दोनच भोकं काढलीस."

"अं?"

"चार भोकांची असायची. दोन भोकांचं काम मी कधी घेतलं नाही. ते कुणीही करतं." तिने आणखी एक पान उलटलं. "आणि एवढे मोठे डोळे आपल्या घरात कुणाचे होते? बाकी ठीक आहे. कुठे यायचंय साक्ष द्यायला?"

साहेब म्हणाले की साक्षीला ताई लागते. आई म्हणाली, आईपेक्षा जास्त कुणी बघितलंय? ह्यावर सरकारपाशीही उत्तर नसावं असं साहेबांना वाटलं. सोमवारी दोघं निघाली. ताईही बरोबर आली. सही करायला नाही, तिने बजावलं, माझ्याबद्दल काही बोललं जात नाही ना, एवढं बघायला.

खिडकीतल्या बाईंनी आईला आत टेबलाशी खुर्ची दिली, अर्ज काढला आणि एकेक प्रश्न वाचायला सुरुवात केली.

"घर स्वतःचं की भाड्याचं?"

"आमचंच," आई म्हणाली. "म्हणजे आम्हीच राहायचो."

"किती खोल्या?"

"पुरेशा."

"एक," साहेब म्हणाले.

"एकच पुरेशी होती," आई म्हणाली.

"दोन वेळचं जेवण?"

"भरपूर. उरायचं."

साहेबांनी आईकडे बघितलं. आईने समोरच्या भिंतीकडे बघितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, खरं सांगा. त्या काळात तुम्ही गरीब होतात का?"

"अजिबात नाही," आई म्हणाली. "दिवसाला बारा डझन शर्ट जायचे माझ्या हातून. गरीब समोरचे होते. त्यांच्याकडे काम नव्हतं."

साहेबांनी डोक्याला हात लावला. तीस-चाळीस वर्षांची कष्टाने जमवलेली गरिबी त्यांच्या डोळ्यांदेखत आई एकेका उत्तराने पुसून टाकत होती. बाई म्हणाल्या, असं असेल तर मला नामंजूर लिहावं लागेल, आणि उगाच कागद अर्धवट नको म्हणून उरलेले प्रश्न वाचत गेल्या. वीज होती का. पाणी कुठून यायचं. ह्या एकाच प्रश्नाला साहेबांनी पाइपच्या इंचांसकट उत्तर दिलं.

"प्रश्न अकरा. घरातल्या एखाद्या मुलाला कामासाठी शाळेतून काढावं लागलं होतं का?"

"नाही," आई पटकन म्हणाली. "मोठीला एक वर्ष कावीळ झाली होती, तेवढंच."

मागे बाकावर ताई बसली होती. ती उठली, टेबलापाशी आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, कावीळ नव्हती."

आई चष्मा पुसायला लागली.

"हो लिहा," ताई बाईंना म्हणाली. "मी. अकराव्या वर्षी. सरबताच्या कारखान्यात, जुन्या बाटल्यांची लेबलं काढायला. कढत पाण्याच्या टाकीशी बसायचं. सकाळी आठ ते सहा. बाबांचा पाय मोडला होता, ते वर्ष."

"अरे वा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खूण केली. "मग बसता की तुम्ही नियमात. हे आधी सांगायचं ना. साक्षीदार कोण, तुम्हीच?"

ताईने सही केली. हुद्दा ह्या रकान्यात तिने 'अध्यक्ष, महिला क्लब' असं पूर्ण लिहिलं, एक अक्षरही न गाळता. धप्पकन शिक्का पडला. दाखल्यावर मजकूर होता की अर्जदार बालपणी गरीब होते असे प्रमाणित करण्यात येते, आणि खाली छापलेलं होतं: हा दाखला फक्त सहा महिने ग्राह्य.

तिघं बाहेर येऊन कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसली, कारण आईच्या गुडघ्यांना तिथेच बसायचं होतं. साहेबांच्या हातात दाखला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"मला माहीत नव्हतं, ताई," साहेब म्हणाले.

"माहीत होऊ दिलंच नव्हतं. बोटांची सालं निघायची, तर आई रात्री हळद लावायची. तू विचारलंस, हात पिवळे का? तिला दुसरं काही सुचलं नाही, ती म्हणाली कावीळ." ताई हसली. "तुला सगळ्याची गंमत वाटली ना लहानपणी? वाटायलाच हवी होती. आम्ही दोघींनी गंमत तेवढी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती."

साहेबांना चष्मा काढावा लागला. ताईचंही नाक लाल झालं. पायऱ्यांवरून येणारे-जाणारे लोक वळून बघायला लागले. आईने पदराने आधी ताईचे आणि मग पन्नाशीला आलेल्या मुलाचे डोळे पुसले आणि दटावून म्हणाली, "बास आता. लोकांना वाटेल गरीब आहोत."

पुढे फारसं सांगण्यासारखं नाही. महिनाअखेरीला चार दिवस होते. साहेबांनी रजा टाकली आणि दाखल्याबरोबर पाठवायला काविळीचं पान नव्याने काढलं. ताई रोज यायची, त्यांच्या मागे उभी राहून टाकी केवढी होती, वाफ कुठून यायची, मुकादमाची मिशी कुठल्या बाजूला वाकडी होती ते सांगायची, आणि स्वतःची उंची जरा वाढवून घ्यायची. एक लेबल अख्खं, न फाटता निघालं की सगळ्या मुली टाकीत डोकी खुपसून कशा हसायच्या, हेही तिनेच सांगितलं. आईने सगळ्या पुस्तकातल्या बटणांना आणखी दोन-दोन भोकं पाडून घेतली. तिने मोजून बघितली, तीनशे अकरा बटणं होती.

बक्षीस मिळालं नाही. उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र आलं, त्याला परीक्षकांचा अभिप्राय जोडलेला. कथा प्रामाणिक आहे, पाइप विशेष चांगले काढले आहेत. मात्र थोरल्या बहिणीचं पात्र अतिशयोक्त वाटतं. अकरा वर्षांची मुलगी दिवसभर कढत पाण्याशी बसून संध्याकाळी धाकट्या भावाला हसवते, हे पटत नाही.

साहेब म्हणाले, जाऊ दे. बायको म्हणाली, जाऊ दे. ताईने मात्र ते पत्र घरी नेलं, क्लबचा छापील कागद काढला, सर्जनसाहेबांना आणि पाहुण्यांना बसल्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवत उत्तर लिहिलं आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्यात दोनच ओळी होत्या.

'आपण ज्या पात्राला अतिशयोक्त म्हटलं आहे, ते मी आहे. कधीही घरी या, बोटं दाखवीन, आणि चहा देईन.'